सफरीला निघण्याआधी ट्रेलरखाली एकदा वाका

मे महिना सरत आला, मेमोरियल डेची जोडून सुट्टी तोंडावर आली, की अमेरिकेतल्या अंगणांतून आणि भाड्याच्या यार्डांतून झाकून ठेवलेले ट्रॅव्हल ट्रेलर बाहेर निघतात. त्यांत आता आपली मराठी घरंही आहेत. मुलांच्या शाळा संपत आलेल्या असतात, भारतातून आई-बाबा आलेले असतात, यलोस्टोनचं आरक्षण कित्येक महिने आधी करून ठेवलेलं असतं. फ्रिज थंड होतो का, गॅसच्या टाक्या भरल्या का, पाण्याचा पंप चालतो का, हे सगळं बघून होतं. टायरकडे मात्र मालक उभ्या उभ्या एक नजर टाकतो. नक्षी शाबूत दिसते, लाथ मारली तर कडक लागतो, बस, झालं काम. ही विनंती त्या उभ्या नजरेबद्दल आहे.

ट्रेलरचा टायर नक्षीवरून पारखू नका. कारच्या बाबतीत ती सवय ठीक आहे. महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर परिवहन विभागाने टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, ते योग्यच होतं. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर आधी झिजतो. ट्रेलरचं गणित उलटं आहे. तो वर्षातून दोन-तीन हजार मैल चालतो आणि उरलेले महिने उन्हात एका जागी उभा असतो. रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे मेण आणि तेलं घातलेली असतात, ती टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरात हे होत नाही. वरून ऊन आणि हवेतला ओझोन रबर सुकवत राहतात. खणात वर्षानुवर्षं पडून राहिलेला रबरबँड दिसायला चांगला असतो आणि ताणला की तुटतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे ट्रेलरचा टायर गोटा होण्याआधीच बाद होतो, आणि बाद झाल्याचं तुम्हाला दिसत नाही.

तो फुटतो तेव्हा काय होतं, हेही माहीत असू द्या. नुसती हवा गेली तर नशीब. बहुतेक वेळा आतले पोलादी तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटतात आणि वरचा थर सोलून निघतो. ताशी साठ मैलांच्या वेगात तो तारांसकट पट्टा चाकाच्या वरच्या पोकळीत गरागरा आपटत राहतो. ट्रेलरचं अंग म्हणजे पातळ प्लायवूड, फायबर आणि पत्रा. चाकाच्या वरच खालच्या कपाटाचा तळ असतो, शेजारून ब्रेकची वायर जाते, काही ट्रेलरमध्ये सांडपाण्याचा पाइप किंवा गॅसची नळीही. एका टायरापायी हे सगळं फाटून निघतं. दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये तर पुढे गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शेजारून जाणारा कोणीतरी हात करतो तेव्हा कळतं. तोवर त्या बाजूचा दुसरा टायर एकट्याने दोघांचं वजन ओढत आलेला असतो. म्हणून एक फुटला की त्याचा जोडीदारही उतरवून तपासून घ्या, शंका वाटली तर तोही बदला.

आधी जन्मतारीख वाचा

टॉर्च घ्या आणि टायरच्या कडेवर डॉट ही अक्षरं शोधा. त्यांच्या पुढे अक्षरं-आकड्यांची एक ओळ असते. त्या ओळीतले शेवटचे चार आकडे तेवढे वाचायचे. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. चार आकडे सापडले नाहीत तर ते टायरच्या आतल्या अंगाला असतील, कारण तारखेसकट पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेली असते. मग ट्रेलरखाली सरपटत जावं लागतं. जा. कपडे मळतील, पण खरी तारीख कळेल. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्यावर आणखी विचार करायची गरज नाही.

तिसऱ्या वर्षापासून दर हंगामाआधी टायर बारकाईने बघा आणि पाच वर्षं झाली की नक्षी कशीही असो, बदला, असा सरळ हिशेब धरा. ॲरिझोना, नेवाडा, टेक्ससच्या उन्हात ट्रेलर उघडा उभा राहत असेल तर पाचाची वाटही बघू नका. कडेला बारीक भेगा, कुठे फुगवटा, नक्षीत एका ठिकाणी उंचवटा किंवा लाट दिसली तर वयाचा हिशेब सोडा, तो टायर आजच उतरवा. फुगवटा म्हणजे आतले पट्टे सुटायला लागले आहेत.

जुना ट्रेलर विकत घेणाऱ्यांनी तर हे व्यवहाराआधीच करावं. विकणारा म्हणतो, "टायर नव्यासारखे आहेत." त्याचं म्हणणं खरंही असतं, दिसायला ते नव्यासारखेच असतात. चार आकडे वाचा आणि चार टायरांची किंमत सौद्यातून वजा करून मागा. मागच्या बंपरवर लटकलेल्या स्टेपनीचेही आकडे वाचा. ती सहसा ट्रेलरच्या वयाचीच असते आणि चाकांइतकीच उन्हात सुकलेली असते.

मग वजन करा

कोणता टायर घ्यायचा, हे दुकानदाराला विचारण्याआधी आपल्या ट्रेलरचं खरं वजन हातात हवं. माहितीपत्रकातलं रिकाम्या ट्रेलरचं वजन विसरा. त्यात तुमचा कुकर नाही, तांदळाची पिशवी नाही, खुर्च्या, सायकली, पाणी काही नाही. एक गॅलन पाणी सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त भरतं. चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पाउंड तिथेच चढले.

महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केलची पाटी दिसते. तिथे ट्रकवाल्यांसाठी वजनकाटा असतो आणि तो कोणालाही वापरता येतो. सगळं सामान भरून, पाणी घेऊन, माणसं बसवून, निघायच्या दिवशी जशी गाडी असेल तशीच न्या. काट्याला वेगवेगळ्या फळ्या असतात. पहिलीवर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं, दुसरीवर मागची आणि तिसरीवर ट्रेलरची चाकं येतील अशी गाडी उभी करा. बटण दाबून आतल्या माणसाला सांगा, मग आत जाऊन पावती घ्या. तिसऱ्या फळीचा आकडा म्हणजे तुमच्या ट्रेलरच्या टायरांवर प्रत्यक्ष पडणारं वजन. थोडक्या डॉलरांत मिळणारी ही पावती टायरांइतकीच मोलाची आहे.

आता एक हिशेब करून पाहू. दोन एक्सलचा, चार टायरांचा ट्रेलर भरून ७,००० पाउंड झाला. त्यातले ९०० पाउंड पुढच्या हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर गेले. उरले ६,१००. एका टायरावर सरासरी १,५२५ पाउंड. अशा ट्रेलरला बऱ्याचदा एसटी २०५/७५ आर १४ मापाचे, लोड रेंज सीचे टायर असतात (या अक्षरांचा अर्थ पुढे येतोच). त्यांची कमाल क्षमता ५० पीएसआय हवेवर १,७६० पाउंड. कागदावर २३५ पाउंड शिल्लक दिसतात. पण वजन चारही टायरांवर सारखं बसत नाही. ज्या अंगाला स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज किंवा बाहेर सरकणारी खोली आहे, ते अंग जड असतं. ती शिल्लक तिथेच संपते, आणि मग उन्हातल्या चढणीवर टायर आपल्या शेवटच्या ताकदीवर चालतो. त्याच मापाचा लोड रेंज डीचा टायर ६५ पीएसआयवर २,०४० पाउंड उचलतो. आता सरासरी वजन क्षमतेच्या तीन चतुर्थांशांवर आलं. नवे टायर घेताना हीच शिल्लक बघायची असते. क्षमतेच्या वीस-पंचवीस टक्के मोकळे राहतील असा टायर निवडा.

नवा ट्रेलर घेतला म्हणून निर्धास्त राहू नका. कारखान्यातून येणारे टायर नियमात बसतात, पण बऱ्याच ट्रेलरांवर ते गरजेपुरतेच असतात.

कडेवरची अक्षरं

एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. त्याच्या कडा जाड आणि ताठ असतात. दोन एक्सलचा ट्रेलर पेट्रोल पंपावर किंवा कॅम्पमध्ये जागेवर वळवताना चाकं आडवी घासटली जातात, तो पीळ या ताठ कडा सोसतात. ट्रेलर डोलतोही कमी. साधारण सारख्या मापाच्या, हलक्या ट्रकच्या एलटी टायरपेक्षा एसटीची क्षमता जास्त असते. एसटी २३५/८० आर १६ लोड रेंज ईचा टायर ८० पीएसआयवर ३,५२० पाउंड उचलतो, तर एलटी २३५/८५ आर १६ लोड रेंज ईचा तेवढ्याच हवेवर ३,०४२. मोठ्या, जड ट्रेलरांवर काहीजण मुद्दाम एलटी बसवतात. क्षमतेची शिल्लक राहत असेल तर त्यात गैर नाही. पण एसटी काढून एलटी घालताना क्षमता खाली गेली का, हे तपासलंच पाहिजे.

कारचे टायर ट्रेलरवर चढवू नका. स्वस्त पडतात, मापातही बसतात. पण कारचा टायर ट्रेलरवर लावला तर त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरायची, असा अमेरिकी नियमच आहे. वर त्याच्या मऊ कडा वळणांवर पीळ खातात.

लोड रेंज सी, डी, ई ही चढती भाजणी आहे. सी म्हणजे सहा प्लाय रेटिंग, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. एक पायरी वर चढणं बहुधा शहाणपणाचं ठरतं, मात्र त्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली गोष्ट म्हणजे रिम. वरच्या रेंजच्या टायरची ताकद वाढीव हवेतून येते, आणि ती हवा व ते वजन सोसायची रिमची तयारी हवी. रिमच्या मागच्या बाजूला तिची मर्यादा ठोकलेली असते. टायर उतरवल्यावर ती वाचून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह. नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० भरायचे असतील तर जास्त दाबाचा किंवा धातूचा व्हॉल्व्ह लावून घ्या. टायर बदलताना व्हॉल्व्ह नवा घालायचाच, हे दुकानात आधीच सांगून ठेवा.

वेगाचं अक्षरही बघा. एल म्हणजे ताशी ७५ मैल, एम म्हणजे ८१. असं अक्षर नसेल तर एसटी टायरची मर्यादा ६५ मैल समजायची. एल किंवा एम असेल तर थोडी मुभा मिळते, पण ती रोज वापरायची नसते. टेक्सस आणि यूटामध्ये महामार्गावर ८० च्या पाट्या दिसतात, त्या ट्रेलर ओढणाऱ्याने आपल्यासाठी समजू नयेत. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. साठीच्या आत-बाहेर चाललात तर टायर थंड राहतो, पेट्रोल वाचतं, ब्रेकही वेळेवर लागतो. मागून येणारा दिवे दाखवत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

खरेदी करताना

लांबच्या सफरींसाठी रेडियल घ्या. जुन्या बायस पद्धतीचे टायर छोट्या, जवळपास फिरणाऱ्या ट्रेलरला चालतात. लांब पल्ल्याला रेडियल कमी तापतात आणि जास्त टिकतात. रेडियल आणि बायस यांची एका ट्रेलरवर भेसळ मात्र कधीही करू नका. गुडइयर एंड्युरन्स, कार्लाइल रेडियल ट्रेल, मॅक्सिस ही एसटी टायरांमधली नेहमी ऐकू येणारी नावं आहेत. नावावर वाद घालणारे खूप भेटतील. मी म्हणेन, क्षमता, तारीख आणि हमी या तीन गोष्टी आधी बघा आणि मगच नाव. अगदी अनोळखी, सगळ्यात स्वस्त टायरवर चाळीस-पन्नास डॉलर वाचवून सात हजार पाउंडांचं घर त्याच्यावर ठेवू नका.

चारही टायर एकदम बदला, आणि परवडत असेल तर स्टेपनीही. दुकानात टायर बसवण्याआधी तारखेचे चार आकडे स्वतः वाचा. गोदामात वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला टायर नवा म्हणून मिळाला तर तुमचं तेवढं वर्ष बुडालं. सरळ सांगा, यापेक्षा ताजे द्या. ट्रेलरची चाकंही बॅलन्स करून घ्या. ट्रेलरला गरज नसते असं सांगणारे असतात, ते ऐकू नका. टायरची नोंदणी करायचा फॉर्म मागा आणि तो भरून पाठवा. २००० साली फायरस्टोनला ६५ लाख टायर परत मागवावे लागले होते. असं पुन्हा झालं तर नोंदणी असेल तरच कंपनी तुमच्यापर्यंत थेट पोचू शकेल.

काही दुकानं ट्रेलर उचलत नाहीत, सुटी चाकं आणायला सांगतात. घरी चाक काढणार असाल तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडण्या लावा. जॅक सांगाड्याच्या लोखंडी पट्टीखाली लावा. एक्सलच्या नळीखाली लावला तर ती वाकू शकते. जॅकच्या भरवशावर ट्रेलरखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा.

चाक बसवलं की नट ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळा. किती आवळायचे तो आकडा एक्सलच्या पुस्तिकेत असतो. मग १० मैलांवर, २५ वर आणि ५० वर थांबून पुन्हा आवळून बघा. नवं चाक बसताना नट थोडे सैल होतात. टायर फुटण्याइतकीच चाक निसटण्याचीही भीती असते, आणि ती घालवायला हे तीन थांबे पुरतात.

उतरवलेले जुने टायर टाकून देण्याआधी त्यांच्याकडे नीट बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. मधला भाग झिजला असेल तर वजनाच्या मानाने जास्त होती. एकच कड खाल्ली असेल तर एक्सल वाकला आहे किंवा चाकांची रेषा चुकली आहे. तो दोष दुरुस्त न करता नवे टायर घातलेत तर तेही तसेच खाल्ले जातील.

हवा आणि सावली

कमी हवा हा ट्रेलरच्या टायरचा सर्वांत मोठा शत्रू. हवा कमी असली की कड जास्त दबते, तापते आणि आतले पट्टे सुटू लागतात. ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढच्या भागात एक लेबल असतं. त्यावर मूळ टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो, तिथून सुरुवात करा. एसटी टायरबाबत बहुतेक कंपन्यांचा सल्ला कडेवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरण्याचा आहे, अर्थात रिम आणि व्हॉल्व्ह तेवढे सोसणारे असतील तर. हवा तपासायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी, टायर थंड असताना. दहा फॅरनहाइट अंशांनी हवामान बदललं की दाब एक-दोन पीएसआयने हलतो. त्यामुळे डोंगरावरच्या गारव्यात बरोबर असलेली हवा खाली वाळवंटात वाढलेली दिसेल, आणि उलटही होईल. लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाताना भर दुपारी मोहावीच्या वाळवंटात दाब दहा-बारा पीएसआयने चढलेला दिसला तर घाबरून हवा सोडू नका. तो आकडा गरम टायरचा आहे.

चाकांवर बसवायचे हवा-मापक सेन्सर मिळतात. त्यांचा पडदा गाडीत समोर ठेवता येतो आणि एखादा टायर उतरू लागला की आवाज होतो. मागच्या टायरची खबर पुढे बसलेल्या माणसाला एरवी लागत नाही, म्हणून हा खर्च मी चैनीत धरत नाही.

घरी उभा असताना ट्रेलर शक्यतो सावलीत ठेवा. ते जमत नसेल तर चाकांवर कापडी टोप्या चढवा. ओल्या मातीवर उभा असेल तर टायरांखाली फळ्या सरकवा. हवा पूर्ण भरून ठेवा आणि अधूनमधून ट्रेलर थोडा पुढे-मागे करा.

सफरीचा दिवस उजाडल्यावर यातलं काही करायला सवड नसते. हव्या त्या मापाचा एसटी टायर सुट्टीच्या आदल्या दिवशी गावात मिळेलच असं नाही, आणि हमरस्त्यावर मदतीला येणाऱ्या गाडीत तर तो नसतोच. म्हणून हे वाचून झालं की याच शनिवारी टॉर्च घेऊन बाहेर जा, पाचही टायरांचे चार-चार आकडे कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. एकाचंही वय पाच वर्षांपुढे असेल तर पुढचं बुकिंग करण्याआधी टायरांची ऑर्डर द्या.